अपघाताचा क्लेम: पहिल्या दिवसापासून काय सांभाळायचं

गेल्या आठवड्यात शेजारच्या वहिनींचा रात्री साडेदहाला हॉस्पिटलमधून फोन आला. त्यांच्या यजमानांच्या दुचाकीला टेम्पोने मागून धडक दिली, मांडीचं हाड मोडलं. "काय काय जपून ठेवू ते सांगा," एवढंच त्या म्हणाल्या. माझ्या धाकट्या भावाच्या अपघाताच्या वेळी हा प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता, आणि भरपाईच्या दाव्यात त्याचा फटका त्याला बसला. म्हणून वहिनींना फोनवर सांगितलं तेच इथे नीट लिहून ठेवते.

उपचार आधी, हे सांगायला नको. फक्त दाखल करतानाच कॅशलेसचं विचारा. मे 2025 पासून केंद्राची योजना आहे. ठरवून दिलेल्या रुग्णालयांत रस्ते अपघातातल्या जखमीवर सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार होतात.

कॅज्युअल्टीतले डॉक्टर "काय झालं?" म्हणून विचारतात, तेव्हा घाईत "गाडीवरून पडला" असं सांगू नका. ते कागदावर तसंच उतरतं, आणि दोन वर्षांनी टेम्पोच्या विमा कंपनीचा वकील तोच कागद काढून म्हणतो, हा तर स्वतःच घसरून पडला, टेम्पोचा संबंध काय? कुठे, किती वाजता, कोणत्या वाहनाने, कुठून धडक दिली, ते सांगा. वाहनाचा नंबर माहीत असेल तर तोही लिहून घ्यायला सांगा. एमएलसी नोंद (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची हॉस्पिटलमधली नोंद) झाली का, ते विचारा.

आता बिलं. इथेच मी चुकले, म्हणून इथेच जास्त बोलणार आहे.

भावाची सगळी बिलं मी तारखेनुसार लावून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवली होती. एकही टाकलं नव्हतं. दीड वर्षाने पुराव्याचं शपथपत्र करताना वकिलांनी मूळ बिलं मागितली. फोल्डर उघडलं तर मेडिकलची जवळजवळ सगळी बिलं कोरी. वर दुकानाचं नाव पुसट दिसत होतं, खाली औषधं आणि रक्कम काहीच नाही. त्या गुळगुळीत कागदावर शाई नसतेच, उष्णतेने अक्षरं उमटवलेली असतात. ती उन्हाने, गरमीने आणि प्लास्टिकला चिकटून राहिल्यानेही उडतात. दुकानात गेले तर त्यांचा कॉम्प्युटर बदललेला, जुना हिशेब निघेना. औषधांचा तो खर्च मग सिद्धच करता आला नाही.

तेव्हा बिल हातात पडलं की त्याच दिवशी झेरॉक्स. उद्या नाही, डिस्चार्जनंतर सगळी एकदम तर नाहीच नाही. मोबाइलवर फोटो काढाच, पण झेरॉक्सही काढा. मूळ बिल कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकमध्ये नको. बिलावर पेशंटचं नाव घालायला लावा, दुकानदार कंटाळला तरी. आणि प्रत्येक बिलाला त्या औषधाची डॉक्टरांची चिठ्ठी टाचा. चिठ्ठीशिवायच्या बिलाबद्दल उलटतपासणीत हमखास विचारतात की हे औषध याच दुखापतीचं कशावरून. मेडिक्लेम असेल तर मूळ बिलं तिकडे द्यावी लागतात. ती देण्याआधी पूर्ण संचाची झेरॉक्स काढून हॉस्पिटलचा सही-शिक्का घ्या. मेडिक्लेमचे पैसे मिळाले म्हणून अपघाताच्या भरपाईतून ते वजा होत नाहीत, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा मार्च 2025 चा निर्णय आहे. त्यामुळे मेडिक्लेम मिळाला, आता बिलांचं काय काम, असं मुळीच समजू नका. रिक्षा-टॅक्सीच्या पावत्या, फिजिओथेरपी, कुबड्या, रात्री थांबणाऱ्या मावशींचे पैसे, सगळ्याची लेखी पावती घ्या. आणि तिचीही झेरॉक्स, त्याच दिवशी.

पोलिसांकडून फिर्याद, घटनास्थळ पंचनामा आणि पुढे दोषारोपपत्राच्या नकला घ्या. पंचनाम्यात गाड्या कुठल्या बाजूला होत्या ते नीट आलंय का, ते वाचा. पहिला अपघात अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत पोलिसांनी मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे, म्हणजे भरपाईचे दावे चालतात त्या कोर्टाकडे, पाठवायचा असतो. तपासी अंमलदारांचं नाव लिहून ठेवा आणि अहवाल गेला का, विचारत राहा. वाहनाचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाकला की विमा कंपनी आणि पॉलिसीची मुदत दिसते. त्याचा स्क्रीनशॉट लगेच घ्या. वाहन सापडलंच नाही तर हिट अँड रन योजनेत मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजार मिळतात. तो अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा असतो.

मुदत सांभाळा. 1 एप्रिल 2022 पासून दावा अपघातानंतर सहा महिन्यांत दाखल करायची अट कायद्यात आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. अपघात लांबच्या जिल्ह्यात झाला असला तरी दावा तुम्ही राहता तिथल्या मोटार अपघात न्यायाधिकरणात करता येतो. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि भाऊ कुबड्या घेऊन सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यात तारखांना जात राहिला.

कमाईचा पुरावा आत्तापासून गोळा करा: पगारपत्रक, रजेचा दाखला, आयकर विवरण, धंदा असेल तर बँक खातं. भरपाईची मोठी रक्कम यावरच ठरते. समजा वय 32, महिना 15 हजार, स्वतःचा व्यवसाय. पुढच्या वाढीचे 40 टक्के धरून 21 हजार, वर्षाचे 2 लाख 52 हजार. या वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो वयाप्रमाणे ठरलेला आकडा, 16, म्हणजे 40 लाख 32 हजार. कमावण्याची क्षमता 30 टक्के गेली असं ठरलं तर 12 लाख 9 हजार 600, आणि 15 टक्केच ठरली तर त्याच्या बरोबर निम्मे. अपंगत्वाच्या दाखल्यावरचा टक्का आणि कमाईतली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार प्रकरणात स्पष्ट केलं आहे. पाय आखडला तर टेबलावर बसून काम करणाऱ्याचं एक होतं आणि माझ्या भावासारख्या वेल्डरचं दुसरंच. तेव्हा माणूस आधी काय काम करत होता आणि आता त्यातलं काय जमत नाही, ते तपशिलाने सांगायचं. दाखला देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला यावं लागतं. ते येतील का, आधीच विचारून ठेवा.

हॉस्पिटलच्या दारात वकीलपत्रावर सही मागणाऱ्याला सही देऊ नका. मिळणाऱ्या रकमेच्या टक्केवारीवर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. टेम्पोमालक दहा-वीस हजार पुढे करून "तक्रार नाही" असं लिहून मागेल. देऊ नका. लोकअदालतीत आकडा सांगितला तर आपला हिशेब जवळ असल्याशिवाय हो म्हणू नका.

बाकी आधार, पॅन, पासबुक, जखमांचे तारखेसह फोटो, एक्स-रेच्या फिल्म. वहिनींना मी काल परत विचारलं, आजची बिलं झेरॉक्स झाली का? म्हणाल्या, उद्या करते. मी म्हटलं, दुकान नऊपर्यंत उघडं असतं, आत्ताच जा.