पदक मिळालेल्या जुन्या परदेशी खलाशाचा माग कसा काढायचा

अमेरिकन नौदलाच्या मेडल ऑफ ऑनरच्या, म्हणजे तिथल्या सर्वोच्च शौर्यपदकाच्या यादीत असे कितीतरी खलाशी सापडतात, जन्म दुसऱ्या देशातला आणि पदक बुडणाऱ्याला वाचवलं म्हणून, कारण तेव्हा युद्ध नसतानाही अशा कामाला हे पदक मिळायचं. एखाद्याची पूर्ण गोष्ट हवी असेल तर आधी नावाचा नाद सोडा, जहाज आणि तारीख धरा. नाव कारकून कानाला ऐकू येईल तसं लिहायचे, जहाज सहसा चुकत नाही.

जोसेफ नॉइलचं बघा. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचा कृष्णवर्णीय माणूस, १८६४ मध्ये भरती झालेला. पदकाच्या नोंदीत काय, तर २६ डिसेंबर १८७२, नॉरफोक, पॉव्हाटन जहाज, बोसन (डेकवरच्या कामाचा प्रमुख) वॉल्टनला बुडताना वाचवलं, संपलं. खरी गोष्ट कॅप्टनच्या पत्रात आहे, म्हणून ते पत्र शोधाच. कडाक्याची थंडी, गारांचा मारा, वादळी वारा, नॉइल खालच्या डेकवर होता, माणूस पडल्याची हाक ऐकली तसा वर धावला, दोराचं टोक धरून जहाजाच्या पुढच्या टोकाखाली पाण्यात उतरला आणि बोट येईपर्यंत वॉल्टनला धरून राहिला. वॉल्टनची शुद्ध जवळपास गेली होती. वाचताना अंगावर काटा येतो खरंच.

मग वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे सरकारी अभिलेखागारात, रेकॉर्ड ग्रुप २४ हा कागदपत्रांचा गट मागा, जहाजांचे हजेरीपट आणि लॉगबुकं (जहाजाच्या रोजच्या नोंदवह्या) त्यातच आहेत. लॉगबुकात आदल्या आणि नंतरच्या दिवसाचं पानही बघा. भरतीच्या नोंदीत वय, जन्मस्थान, आधीचा धंदा असतो, तो हजेरीपटाशी जुळला तरच माणूस तोच धरा, नुसत्या नावावर भरवसा नको.

शेवटी कबर, आणि इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. नॉइल १८८२ मध्ये वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात वारला, दगडावर नॉइलचं नोएल झालं आणि पदकाचा उल्लेखच नाही! नवा दगड बसला २९ एप्रिल २०१६ ला, १३४ वर्षांनी. म्हणून दफनभूमीच्या यादीत नावाची चार-पाच स्पेलिंगं टाकून बघा, मृत्यूच्या सालावरून बघा. चुकीचा दगड सापडला तर त्याचा फोटो, पदकाची नोंद, हजेरीपट आणि मृत्यूची नोंद एकत्र ठेवा, हीच कागदपत्रं नाव दुरुस्त करून घ्यायला लागतात.