बॉम्बरच्या नाकावरची चित्रं: युद्धकाळातले फोटो कसे जमवावेत, कसे ओळखावेत

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बॉम्बरच्या नाकावर काय काय रंगवलं गेलं! मासिकातल्या सुंदऱ्या, कार्टूनमधले प्राणी, राक्षस, फासे आणि पत्ते, बायकोचं नाव, गावाचं नाव, चावट श्लेष. त्या चित्राशेजारी उभं राहून फोटो काढून घेणं हा तर प्रत्येक तळावरचा उद्योग होता. म्हणून असे फोटो आजही भरपूर सापडतात आणि साधे छोटे प्रिंट फार महागही नसतात. अडचण वेगळीच आहे. विकणारा फोटोखाली लिहितो, ‘दुसरं महायुद्ध, बॉम्बर, मुलीचं चित्र’. एवढ्यावरून विमान ओळखायचं कसं?

नवखा माणूस चित्राकडे आणि नावाकडे बघतो. माझं म्हणणं असं की ओळखीच्या कामात चित्र हा सगळ्यात कच्चा पुरावा. ‘आईचा आशीर्वाद’ लिहिलेला ट्रक शोधायला निघालात तर शेकड्यांनी मिळतील; हवा असतो तो नंबर. ‘शेडी लेडी’, ‘लेडी लक’ अशी नावं कितीतरी विमानांवर होती. म्हणून चित्राच्या आजूबाजूला काय दिसतं ते आधी पाहायचं. पुढची सगळी रीत त्याचीच आहे.

१. आधी कुंपण घाला

सगळेच फोटो जमवायला गेलात तर खोका भरेल, माहिती जमणार नाही. एक विमान, एक बॉम्ब ग्रुप (बॉम्बर विमानांची मोठी तुकडी) किंवा एक रणभूमी निवडा. इंग्लंडमध्ये तळ असलेल्या अमेरिकेच्या आठव्या हवाई दलावर इतकं काम झालं आहे की तिथले बरेच फोटो आधीच ओळखलेले असतात. शिकायला ते चांगलं. पण आपल्याकडच्या माणसाने भारत-ब्रह्मदेश-चीन या आघाडीकडे जरूर बघावं. ७ वा बॉम्ब ग्रुप बी-२४ लिबरेटर बॉम्बर घेऊन बंगालमधल्या पांडवेश्वरसारख्या तळांवरून ब्रह्मदेशावर जायचा. बी-२९ बॉम्बरची पहिली लढाऊ मोहीम ५ जून १९४४ रोजी भारतातूनच निघाली आणि बँकॉकच्या रेल्वे यार्डावर गेली. त्या विमानांचे तळ होते खरगपूर, चाकुलिया, पियारडोबा आणि दूधकुंडी. फोटोतली बांबूची शेड, धोतर नेसलेले मजूर, बैलगाडी, पावसाळी चिखल या गोष्टी ओहायोत बसलेल्या संग्राहकापेक्षा तुम्हाला लवकर कळतील.

२. विकत घेण्याआधी फुकटचं पाहा

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात हवाई दलाच्या अधिकृत फोटोंचा मोठा साठा आहे आणि त्यातला बराच भाग आता ऑनलाइन दिसतो. ब्रिटनमध्ये डक्सफर्डच्या अमेरिकन एअर म्युझियमच्या संकेतस्थळावर रॉजर फ्रीमन यांनी जमवलेले हजारो फोटो विमानाच्या आणि तुकडीच्या नावानिशी लावलेले आहेत. खरेदीआधी काही आठवडे नुसतं हेच चाळा. कुठल्या तळावर कोणता रंग, कोणती अक्षरं, हे डोळ्यात बसतं. ते बसलं नाही तर पुढे प्रत्येक विक्रेत्यावर विश्वास ठेवावा लागतो.

खरेदी बहुतेक परदेशी लिलाव-संकेतस्थळांवरून होते. सुटा फोटो आणि अख्खा अल्बम यांत निवड करायची असेल तर खिसा परवडेल तितका अल्बम घ्या. अल्बममध्ये मागच्या पानावर तंबू, पुढच्या पानावर मित्र, कुठेतरी तळाची पाटी असते. नोज आर्टच्या, म्हणजे नाकावरच्या चित्राच्या, एका फोटोची ओळख त्या साऱ्यातून लागते. काही विक्रेते अल्बम फाडून चांगले फोटो सुटे विकतात. पैसे जास्त मिळतात, पुरावा मात्र कायमचा मरतो. असे फोटो घ्यायची वेळ आली तर त्याच विक्रेत्याकडे त्याच अल्बममधले बाकीचे ‘रटाळ’ फोटो आहेत का विचारा. ते स्वस्तात मिळतात.

३. कागद तपासा

‘ओरिजिनल’ या शब्दाला बाजारात काही किंमत नाही. जुन्या निगेटिव्हवरून काल काढलेला प्रिंटही ओरिजिनल म्हणून विकला जातो.

नोटा तपासायचा छोटा यूव्ही टॉर्च घ्या आणि अंधारात प्रिंटच्या पांढऱ्या कडेवर धरा. फोटोच्या कागदात चकाकी आणणारी रसायनं १९५० च्या दशकात सर्रास आली. कागद निळसर पांढरा उजळला तर तो युद्धकाळातला नाही. उजळला नाही, तर एवढंच कळतं की तो युद्धकाळातला असू शकतो. प्लास्टिकसारखा गुळगुळीत लागणारा कागद त्याहूनही नंतरचा. भिंगाखाली शाईचे ठिपके दिसले तर विषयच संपला.

पाठ पुढच्या बाजूइतकीच मोलाची. सेन्सॉरचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेलं गाव किंवा आडनाव, छापील कागदाची चिकटवलेली कॅप्शन, अधिकृत फोटोचा क्रमांक, हे सगळं विक्रेत्याकडून आधी मागवा. पाठीचा फोटो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याचा नाद सोडा.

४. आता फोटो वाचा

हे खरं काम आणि इथे घाई नको. फोटो १२०० डीपीआयवर स्कॅन करा आणि पडद्यावर मोठा करून कोपऱ्यांपासून आत या.

पहिल्यांदा विमानाचा प्रकार. बी-१७ बॉम्बरच्या नाकाखाली बंदुकीचा टरेट (फिरता बुरूज) असेल तर ते बहुधा ‘जी’ मॉडेल, म्हणजे १९४३ च्या शरदानंतरचं. नुसती काच असेल तर ‘एफ’ किंवा त्याआधीचं. बी-२४ च्या ‘डी’ मॉडेलला काचेच्या अनेक तावदानांचं नाक होतं. १९४३ च्या मध्यापासून आलेल्या ‘एच’ आणि ‘जे’ला नाकावर टरेट. मग रंग. हिरवट-करडं विमान कोणत्याही वर्षाचं असू शकतं, पण कारखान्यातून रंग न देताच आलेली चकचकीत ॲल्युमिनियमची बॉम्बर १९४४ च्या सुरुवातीपासून दिसू लागतात.

मागे दुसरं विमान उभं असेल तर त्याच्यावरचा तारा बघा. मे १९४२ मध्ये ताऱ्यामधला लाल ठिपका काढला गेला. जून १९४३ च्या अखेरीस ताऱ्याच्या दोन बाजूंना पट्ट्या आणि लाल किनार आली, आणि काही महिन्यांतच ती किनार निळी झाली. कृष्णधवल फोटोत लाल-निळा फरक ओळखणं अवघड असतं आणि तळावरचा रंगारी हुकुमाच्या तारखेला ब्रश घेऊन बसलेला नसायचा, त्यामुळे दोन-तीन महिने इकडेतिकडे धरा.

नाकाच्या डाव्या बाजूला, वैमानिकाच्या खिडकीजवळ, बारीक अक्षरांचा एक चौकोन असतो. त्यात मॉडेल आणि सिरियल नंबर लिहिलेला असतो. तो वाचता आला तर बाकीचा पुष्कळ खटाटोप वाचतो. मॉडेलच्या शेवटची दोन अक्षरं कारखाना सांगतात: बी-२४ वर सीओ म्हणजे सॅन डिएगो, एफओ म्हणजे फोर्डचा विलो रन. शेपटीवरचा नंबर दिसत असेल तर त्यात वर्षाचा पहिला आकडा आणि मधली रेघ गाळलेली असते. ४१-२४४८५ हे शेपटीवर १२४४८५ असं येतं. आणि ते ४१ विमान ज्या आर्थिक वर्षात मागवलं ते. बांधलं त्या वर्षाशी त्याचा संबंध असेलच असं नाही.

हा नंबर मुद्दाम दिला. तो ‘मेम्फिस बेल’चा, ९१ व्या बॉम्ब ग्रुपच्या बी-१७ एफचा. तिच्यावरची मुलगी टोनी स्टार्सरने ‘एस्क्वायर’ मासिकातल्या जॉर्ज पेटीच्या चित्रावरून रंगवली. डाव्या बाजूला निळे कपडे, उजव्या बाजूला लाल. नाकावरची बरीच चित्रं अशीच मासिकांतून उचललेली असायची, पेटी किंवा व्हार्गास या चित्रकारांची. मूळ चित्र सापडलं तर निदान एक तारीख पक्की होते: त्या अंकाच्या आधी हे रंगवलेलं असू शकत नाही. शिवाय मूळ चित्रातली मुलगी आणि फोटोतली मुलगी उलट्या दिशेला बघत असतील तर निगेटिव्ह उलटी छापली आहे का ते तपासा. अक्षरं नसलेल्या फोटोत गणवेशाची बटणं आणि खिसे कामी येतात.

नाकावरच्या छोट्या खुणा मोजा. एक बॉम्ब म्हणजे एक मोहीम, स्वस्तिक म्हणजे पाडल्याचा दावा केलेलं जर्मन विमान. भारतातल्या बी-२९ वर उंट दिसतात. एक उंट म्हणजे इंधन किंवा बॉम्ब घेऊन हिमालयापलीकडे चीनला केलेली एक खेप. इटलीवर गेलेल्या ब्रिटिश बॉम्बरवर आइस्क्रीमचे कोन दिसतात. एकाच विमानाचे दोन फोटो असतील आणि एकावर १२ बॉम्ब, दुसऱ्यावर ३० असतील तर क्रम आपोआप लागतो. तसंच कपड्यांचं. वरिष्ठांच्या हुकुमाने पुष्कळ उघड्या मुलींना नंतर कपडे रंगवले गेले. तेव्हा ‘कपड्यांत’ आणि ‘कपड्यांविना’ ही दोन विमानं आहेत असं लगेच ठरवू नका.

ब्रिटिश विमानांचं गणित निराळं. लँकास्टरच्या अंगावर मोठी अक्षरं असतात: दोन अक्षरं स्क्वाड्रनची (तुकडीची), एक त्या विमानाचं. सिरियल नंबर मागच्या बाजूला, छोटा. लंडनच्या हेंडन इथल्या आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) म्युझियममधलं आर५८६८ हे लँकास्टर पाहा. शत्रूचं एकही विमान जर्मनीवर येणार नाही, ही जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याची बढाई त्याच्या नाकावर लिहिली आहे आणि तिच्याजवळच मोहिमांच्या खुणांच्या रांगा. ८३ व्या स्क्वाड्रनमध्ये त्याची अक्षरं ओएल-क्यू होती, ४६७ व्या स्क्वाड्रनमध्ये पीओ-एस. अक्षरं बदलतात, सिरियल नंबर बदलत नाही.

५. फसवे फोटो

‘बॉक्सकार’ या बी-२९ ने ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर बॉम्ब टाकला. पंख फुटलेल्या रेल्वे डब्याचं तिचं चित्र मात्र त्या मोहिमेनंतर रंगवलं गेलं. म्हणजे चित्रासहचा फोटो ‘उड्डाणाआधीचा’ म्हणून कोणी विकत असेल तर हसून सोडून द्या. तिच्या शेपटीवर त्रिकोणातलं एन होतं, जे खरं तर ४४४ व्या बॉम्ब ग्रुपचं. हा ग्रुप पूर्वी दूधकुंडीला होता. अणुबॉम्बवाल्या तुकडीची विमानं शत्रूला ओळखू येऊ नयेत म्हणून दुसऱ्या ग्रुपची चिन्हं मुद्दाम लावली होती. शेपटीवर डोळे झाकून भरवसा ठेवणारे इथे हमखास अडकतात.

दुसरा सापळा भंगार यार्डाचा. युद्ध संपल्यावर ॲरिझोनातल्या किंगमन आणि आर्कान्सातल्या वॉलनट रिज इथे हजारो बॉम्बर वितळवायला आणले गेले. तिथे लोकांनी मनसोक्त फोटो काढले. पंखा काढलेला, शेजारी वेगवेगळ्या तुकड्यांची विमानं दाटीने उभी, एकही सैनिक नाही, मागे वाळवंट असं दिसलं तर फोटो युद्धतळावरचा नाही. तरी टाकून देऊ नका. कितीतरी चित्रांचा स्पष्ट फोटो फक्त तिथलाच उरला आहे.

तिसरा सापळा आपल्या जवळचा. युद्धानंतर कानपूरला टाकून दिलेली लिबरेटर दुरुस्त करून भारतीय हवाई दलाने १९६८ पर्यंत वापरली; पुण्याच्या लोहगाव तळावरच्या ६ व्या स्क्वाड्रननेही ती उडवली. त्यांतलं एक पुढे अमेरिकेत गेलं, पुन्हा उडतं केलं गेलं आणि वेळोवेळी वेगवेगळ्या प्रसिद्ध विमानांच्या रूपात रंगवलं गेलं. त्यावर ‘ड्रॅगन अँड हिज टेल’चा भलामोठा ड्रॅगनही होता. त्याचे रंगीत फोटो कृष्णधवल करून ‘युद्धकाळातले’ म्हणून फिरतात. मागे पार्क केलेल्या गाड्या, प्रेक्षकांच्या टोप्या, हँगरचं दार पाहिलं की उलगडा होतो.

६. नंबरापासून माणसांपर्यंत

सिरियल नंबर हाती आला की त्या विमानाचं काय झालं ते शोधा. १९४३ पासून हरवलेल्या प्रत्येक अमेरिकन विमानाचा एक अहवाल भरला जायचा. त्यात सिरियल नंबर, इंजिनांचे नंबर, चालकदलाची यादी आणि असेल तर विमानाचं टोपणनाव असतं. हे अहवाल राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. उदाहरणार्थ ‘हॉट ॲज हेल’ हे ३०८ व्या बॉम्ब ग्रुपचं बी-२४, नंबर ४२-७३३०८. २५ जानेवारी १९४४ रोजी ते कुनमिंगहून आसामातल्या चाबुआकडे निघालं आणि पोचलंच नाही. आठ जण होते. अवशेष २००६ मध्ये अरुणाचलच्या डोंगरात सापडले. असं नाव तुमच्या फोटोत दिसलं तर चित्रासमोर दात काढून उभे असलेले चेहरे त्या यादीतले आहेत का, हे ठरवताना जपून बोला. फोटोतला माणूस त्या विमानाचाच असतो असं नाही. मेकॅनिक, स्वयंपाकी, पाहुणे सगळेच चित्राशेजारी उभे राहायचे.

७. जपणूक आणि नोंद

प्रिंट पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवा. पीव्हीसी आणि चिकट पानांचे अल्बम नकोत. कोकणात आणि मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल घाला आणि फ्रेममध्ये फोटो काचेला टेकू देऊ नका. ओलसर हवेत जिलेटिन काचेला चिकटतं आणि मग सुटत नाही. पाठीवर लिहायचंच तर मऊ पेन्सिलीने, कडेला.

नोंदीत प्रत्येक दाव्यापुढे त्याचा आधार लिहा: ‘बी-२४ जे, टरेटवरून’, ‘पांडवेश्वर, अल्बममधल्या पाटीवरून’, ‘नाव, विक्रेत्याच्या सांगण्यावरून’. तिसऱ्या प्रकारची नोंद वेगळ्या रंगात ठेवा. अमेरिकन सरकारी फोटो सहसा कॉपीराइटमुक्त असतात, पण सैनिकाने स्वतः काढलेल्या फोटोचा हक्क त्याच्या कुटुंबाकडे असू शकतो, तेव्हा प्रसिद्ध करण्याआधी चौकशी करा. ओळख पटलेला स्कॅन अमेरिकन एअर म्युझियमसारख्या ठिकाणी पाठवताना पाठीचा स्कॅनही जोडा. पुढचा माणूस तिथूनच सुरुवात करणार असतो.