कॅटेगरी भरताना या चुका टाळा: जुने दाखले, नुसत्या पावत्या आणि बांधावरची भांडणं

प्रवेशाच्या दिवसांत मुलांचे कागद तपासायला बसलं की पहिल्या तासाभरातच कळतं, यंदाही तेच होणार. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला, म्हणजे सीईटीला, पर्सेंटाइल झकास, फाइल जाडजूड, आणि नेमका एक कागद नाही. पालक म्हणतात, "अहो, पण आम्ही आहोतच की ओबीसी!" असालच हो. तुमच्या जातीबद्दल कुणी शंका घेत नाही. पण कॅप फेरीत, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, कॅटेगरी ठरते ती ठरलेल्या तारखेला हातात असलेल्या, मुदतीतल्या, योग्य नमुन्यातल्या कागदावर. तो नसला तर तुम्ही ओपनमध्ये.

पावतीवर प्रवेश मिळतो, टिकेलच असं नाही

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे आपली व्हॅलिडिटी, पडताळणी समिती देते. हे दोन वेगळे कागद आहेत. पहिला मिळाला की लोक निश्चिंत होतात आणि दुसऱ्याची आठवण बारावीच्या निकालानंतर येते. समितीला पुरावे लागतात तेही जुने: ओबीसी आणि एसबीसीसाठी (विशेष मागास प्रवर्ग) 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचे, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी (व्हीजे-एनटी) 21 नोव्हेंबर 1961 च्या, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 च्या आणि जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचे. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेतला निर्गम उतारा, कोतवाल बुकातली जन्मनोंद, महसुली कागद. हे आठवड्यात जमत नाही. शाळेचं जुनं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं असतं, नाहीतर आजोबांचं नाव तिथे तिसरंच असतं.

मग नियमात सवलत असली की अर्जाची पावती लावून फॉर्म भरतात. पावती चालते, पण मूळ प्रमाणपत्र द्यायची शेवटची तारीख असतेच. शासन कधी ती वाढवतं, कधी नाही. वाढवेलच असं धरून चालणारे पालक बघितले की मला घाम फुटतो.

एनटी-सी, म्हणजे भटक्या जमातींच्या क गटातला एक मुलगा होता. वडील डेअरीला दूध घालणारे. सीईटी बरी गेली, पण बारावीला पीसीएमचे (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) 43 टक्के. पावतीवर मेकॅनिकलला जागा मिळाली, पेढे वाटून झाले. समितीने त्रुटी काढली: आजोबांच्या उताऱ्यावरचं नाव जुळत नाही, आणखी पुरावा आणा. आता गंमत बघा. मुलाच्या सख्ख्या चुलत्याच्या घरात व्हॅलिडिटी होती, त्यांच्या मुलीने नर्सिंगसाठी काढलेली. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातली व्हॅलिडिटी म्हणजे समितीपुढे भक्कम पुरावा. पण दोन भावांचं बांधावरून बोलणं बंद. एक झेरॉक्स मागायला कुणी जाईना. शेवटी मामा मध्ये पडला, तोवर तारीख उलटली आणि मुलगा ओपनमध्ये गेला. खरा फटका पुढेच होता. इंजिनिअरिंगच्या पात्रतेला ओपनसाठी पीसीएमला 45 टक्के लागतात, राज्यातल्या मागासवर्गीयांना 40. पोरगा 43 वर. त्यामुळे जागा तर गेलीच, वर इंजिनिअरिंगला पात्रच उरला नाही. व्हॅलिडिटी आली दिवाळीनंतर.

म्हणून माझ्याकडे अकरावी सायन्सचा कुणीही आला की मी आधी कोरा कागद पुढे ठेवतो आणि वंशावळ काढायला लावतो. वडील, काका, आत्या, चुलत भावंडं, चुलत आजोबा. कुणाकुणाची व्हॅलिडिटी आहे तिथे खूण. आईकडच्यांची काढू नका, ती चालत नाही, तरी मामाची व्हॅलिडिटी मोठ्या अभिमानाने घेऊन येणारे भेटतातच. ज्यांच्याशी अबोला आहे त्यांच्याकडे सगळ्यात आधी जायचं. अर्ज अकरावीच्या दिवाळीआधी गेला पाहिजे. घाई कशाला, बारावी होऊ दे, असं म्हणणारेच पुढे जूनमध्ये "साहेब, काही ओळख आहे का" विचारत फिरतात.

आणि "पंधरा दिवसांत काढून देतो" म्हणणारा एजंट भेटला तर त्याला चहासुद्धा पाजू नका. बनावट दाखल्यावर घेतलेला प्रवेश रद्द होतो, मिळालेली पदवीही जाते आणि कायद्यात तुरुंगवास आहे.

नॉन क्रीमी लेयर: एक दाखला, दोन हिशेब

आपलं कुटुंब मागासवर्गातल्या प्रगत गटात, म्हणजे क्रीमी लेयरमध्ये, मोडत नाही असं सांगणारा हा दाखला. ओबीसी, व्हीजे-एनटी, एसबीसी आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) या सगळ्यांना हा लागतो. एससी-एसटीला लागत नाही, तरी दरवर्षी त्यांच्यातलं कुणीतरी सेतूच्या रांगेत उभं असतंच.

राज्याच्या कॅपमध्ये बघतात मुदत: दाखला प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या 31 मार्चपर्यंत वैध हवा. 2025-26 च्या प्रवेशाला 31 मार्च 2026. आयआयटी-एनआयटीच्या जागा वाटणाऱ्या केंद्राच्या जोसा प्रक्रियेत मात्र बघतात दाखला कधी काढला ते: त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतरचा हवा, आणि तोही केंद्राच्या नमुन्यात. तीन वर्षांच्या मुदतीचा राज्याचा दाखला कॅपमध्ये बिनतक्रार चालतो आणि जोसामध्ये परत येतो. पालक भांडतात, "मुदत आहे की अजून!" आहे, पण तिथे मुदत कुणी विचारलेलीच नाही. मी दोन्ही नमुने एप्रिलमध्येच एकदम काढायला लावतो. जूनमध्ये तहसीलला गर्दी असते आणि सर्व्हर त्याच दिवशी बसतो.

केंद्राची यादीही वेगळी आहे. तिथे व्हीजे, एनटी असे रकानेच नाहीत. वंजारी, धनगर, बंजारा हे महाराष्ट्रातले समाज केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, म्हणून तिथे ओबीसी लिहायचं. मराठा समाजाची मुलं राज्यात एसईबीसी, पण केंद्रात ओबीसी नाहीत. निकषात बसत असतील तर तिथे ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), नाहीतर ओपन. कुणबी दाखला असेल तर गोष्ट वेगळी, कुणबी केंद्राच्या यादीत आहेत.

आठ लाखांच्या उत्पन्न मर्यादेचा गोंधळ तर विचारू नका. जिल्हा परिषदेच्या शाळेतले, गट क मधले गुरुजी हताश होऊन सांगतात, "आमचा पगार आठ लाखांच्या वर, आम्ही क्रीमी लेयर." कुणी सांगितलं? शेजाऱ्याने. नॉन क्रीमी लेयरच्या उत्पन्नात आई-वडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. पालक कोणत्या गटाच्या पदावर आहेत ते मात्र बघतात. केंद्राच्या ईडब्ल्यूएसमध्ये बरोबर उलटं: पगार, शेती, धंदा सगळं मोजायचं, शिवाय पाच एकर किंवा जास्त शेतजमीन असली की बाद. शेजाऱ्याचं ऐकून दाखलाच न काढलेली मुलं मी बघितली आहेत. मार्कांनी हरलं तर समजू शकतो.

बाकीच्या, थोडक्यात

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रीमी लेयर एकच समजू नका. फीसाठी पहिला लागतो. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना 2024 च्या शासन निर्णयाने मिळालेली शंभर टक्के फी सवलतही आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नावर आहे आणि कॅपमधून प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्यात बसून सवलत मागू नका.

टीएफडब्ल्यूएसचा, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या जागांचा, चॉइस कोड वेगळा असतो. तो पसंतीक्रमात टाकला नाही तर ती जागा आपोआप मिळत नाही.

दुसऱ्या राज्यातला जातीचा दाखला इथल्या राखीव जागेला चालत नाही. 1990 साली सर्वोच्च न्यायालयाने हे मुंबईतल्याच एका मेडिकल प्रवेशाच्या प्रकरणात स्पष्ट केलंय.

"कॅटेगरी भरली तर ओपनची जागा जाते" ही अफवा आहे. गुणवत्तेत बसलात तर ओपनची जागा तुमचीच.

दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघा. ते फॉर्म भरायला बसण्याआधी.

आणि तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की स्वतःचा नंबर बघून मोबाईल खिशात टाकू नका. नंबरापुढचा कॅटेगरीचा रकाना वाचा. चुकला असेल तर हरकतीच्या मुदतीतच कागद घेऊन जा, कारण अंतिम यादी लागल्यावर राखीवचं ओपन होऊ शकतं, ओपनचं राखीव होत नाही.