ऑन-कॉल डॉक्टरांनी करार कसा तपासावा

रात्री दोनला फोन आला की रुग्णालय गाठणारा सल्लागार डॉक्टर करापुरता पगारदार की स्वतंत्र व्यावसायिक, हे केवळ ऑन-कॉलच्या वेळांवरून ठरत नाही. ठरावीक वेळ पाळण्याचे बंधन म्हणजे नोकरी नव्हे, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये पुण्यातील एका रुग्णालयाच्या प्रकरणात मान्य केले. त्यामुळे मोबदला रुग्णागणिक आहे की ठोक मासिक, भविष्यनिर्वाह निधी व हक्काची रजा मिळते का, बाहेर रुग्ण तपासण्याची मुभा आहे का, हे करारात आधी पाहावे. मग फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या नावावर कापलेल्या कराची नोंद दाखवणारे विवरण, उघडावा. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याखालील नोंदींत कलम १९२ म्हणजे पगार आणि १९४जे म्हणजे व्यावसायिक शुल्क, ज्यावर सहसा १० टक्के करकपात होते. करार आणि नोंद जुळत नसल्यास विवरणपत्र भरण्यापूर्वीच लेखा विभागाकडे लेखी दुरुस्ती मागावी. तोंडी आश्वासनावर विसंबू नये.