लॉ लायब्ररीसाठी पैसे कसे गोळा करायचे (आणि जजसाहेबांना का मागायला लावायचं नाही)

अमेरिकेत, त्यातही कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांसाठी लिहितेय, कारण नियम तिथले आहेत. इथे ५८ काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या) आहेत आणि कायद्याने प्रत्येक काउंटीत लोकांसाठी खुली लॉ लायब्ररी असते. वकील नसलेला कुणीही आत जाऊन पुस्तकं बघू शकतो, कोर्टाचे फॉर्म शोधू शकतो, वेस्टलॉ किंवा लेक्सिससारखे महागडे डेटाबेस तिथल्या कॉम्प्युटरवर फुकट वापरू शकतो. आणि बहुतेकांना हे माहीतच नसतं!

पैसे मागायला निघायच्या आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर पहिल्याच घरात अडकाल. समोरचा हमखास विचारतो, "अहो पण ही तर सरकारी ना, मग आम्ही कशाला द्यायचे?" तर या लायब्रऱ्या मुख्यतः दिवाणी केस दाखल करताना जी फी भरतात त्यातल्या छोट्याशा वाट्यावर चालतात. २००९ नंतर केसेस कमी झाल्या तशी ती रक्कमही घटली. त्यात गंमत (म्हणजे गंमत नाहीच) अशी, की ज्याला परवडत नाही त्याला कोर्ट फी माफ करतं, ते योग्यच आहे, पण मग त्या केसमागे लायब्ररीलाही काही मिळत नाही, आणि लायब्ररीची सगळ्यात जास्त गरज नेमकी त्याच माणसाला असते. एवढं दोन वाक्यांत सांगता आलं की अर्धं काम झालं.

मागायचं कशासाठी, तर "पुस्तकांसाठी" असं कधीच म्हणू नका. आम्ही पहिल्या पत्रात तेच लिहिलं आणि पैशांऐवजी कुठल्यातरी बंद होणाऱ्या ऑफिसातले खोकेच्या खोके आले, सगळी जुनी पुस्तकं. कायद्याचं जुनं पुस्तक नुसतं निरुपयोगी नाही, धोकादायक असतं. घर खाली करायच्या केसचंच बघा, भाडेकरूला उत्तर दाखल करायला कोर्टाचे ५ दिवस असायचे, १ जानेवारी २०२५ पासून ते १० झाले, मागच्या वर्षांचं पुस्तक वाचणारा उगाच घाबरून चुका करणार. खर्च एकदाच पुस्तक घेण्याचा नसतो, दरवर्षी अपडेट घेत राहण्याचा असतो, आणि काउंटरवरच्या माणसाच्या पगाराचा. तेच मागा. म्हणजे "भाडेकरूंसाठी महिन्यातून दोनदा कायदेशीर मदतीचं क्लिनिक, वर्षभर" असं काहीतरी, ज्याचा हिशोब देणाऱ्याला डोळ्यासमोर दिसेल. पण फक्त अशा एकाच कामासाठी बांधलेले पैसे साठले तर लाइटबिल कुठून भरणार, म्हणून निम्मे तरी मोकळे पैसे येतील असं बघा.

पैसे गोळा करायला शक्यतो 'फ्रेंड्स ऑफ लॉ लायब्ररी' अशी वेगळी संस्था असते, आपल्या भाषेत मित्रमंडळच. तुमच्या काउंटीत आधीपासून असेल तर नवीन काढू नका, तिच्यातच शिरा. नसेल तर ५०१(सी)(३), म्हणजे टॅक्स-माफ सेवाभावी संस्थेचा दर्जा, त्यासाठी अर्ज; वर्षाला ५०,००० डॉलरच्या आत जमा होणार असतील आणि मालमत्ता २,५०,००० च्या आत असेल तर सहसा छोटा १०२३-ईझेड फॉर्म चालतो. शिवाय पहिले पैसे हातात आल्यापासून ३० दिवसांत राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे नोंदणी, ही भल्याभल्यांची राहून जाते.

आता जजचं. लायब्ररीच्या ट्रस्टी मंडळावर जज असतात, त्यामुळे कुणाच्याही डोक्यात पहिली आयडिया हीच येते की साहेबांच्या सहीचं पत्र सगळ्या वकिलांना पाठवू, कोण नाही म्हणेल? कुणी नाही म्हणू शकणार नाही, अडचण तीच तर आहे. ज्याच्यासमोर उद्या उभं राहायचंय त्याने आज पैसे मागितले तर ती देणगी कसली. जजने स्वतः लोकांकडे देणगी मागण्यावर त्यांच्या आचारसंहितेत बंधन आहे, म्हणून पत्रावर सही ट्रस्टी मंडळातल्या वकिलाची किंवा मित्रमंडळाच्या अध्यक्षांची घ्या.

वकिलांकडे जाताना चेकपेक्षा मोठी गोष्ट विचारा, साय प्रे. क्लास ॲक्शन केस मिटल्यावर ज्यांचे पैसे कुणी घ्यायलाच येत नाही ती उरलेली रक्कम कोर्ट कधीकधी समाजोपयोगी संस्थांना देतं, आणि तिथे नाव सुचवणारे वकीलच असतात. रोज मिळत नाही, पण एकदा मिळाली तर पैसे जमवायला ठेवलेल्या दहा डिनरचं काम होतं.

आयटीवाल्यांना कंपनी मॅचिंगबद्दल (कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीत कंपनी आपली भर घालते ती) विचारायला लाजू नका, बरेच जण फॉर्म भरायच्या आळसाने तेवढेच फुकटचे पैसे सोडून देतात, तुम्ही समोर बसून भरून घ्या.

रॅफल (तिकिटं विकून बक्षिसाची सोडत) करायची हौस असेल तर जरा थांबा, इथे आधी नोंदणी लागते आणि तिकीटविक्रीतले किमान ९० टक्के सत्कार्यालाच जावे लागतात, म्हणजे अर्धे जिंकणाऱ्याला अर्धे आपल्याला हा प्रकार इथे चालत नाही.

लायब्ररीत आलेल्यांच्या गोष्टी सांगून पैसे येतात हे खरं, पण तो माणूस काय शोधत होता हे त्याची परवानगी घेतल्याशिवाय नाव काढूनसुद्धा लिहू नका, छोट्या काउंटीत लगेच ओळखू येतं. आणि "आम्ही कायदेशीर सल्ला देतो" असं तर चुकूनही छापू नका, लायब्रेरियन माहिती शोधून देतात, सल्ला देऊ शकत नाहीत.

पावती त्याच आठवड्यात पाठवा. २५० डॉलर किंवा जास्त देणाऱ्याला टॅक्ससाठी लेखी पोच लागतेच, त्यात बदल्यात काही दिलं की नाही हे लिहायचं. डिनरचं तिकीट ७५ च्या वर असेल तर जेवणाची अंदाजे किंमत वेगळी दाखवा, तेवढ्यावर टॅक्सची सूट नसते.

आणि त्या खोक्यांचं काय केलं विचाराल, तर सगळी रद्दीत. तेव्हापासून पत्राच्या तळाशी ठळक अक्षरात एक ओळ असते, 'पुस्तकं पाठवण्याआधी फोन करा'.