लचकलेला गुडघा: गादी फाटली का, हे हाताने कसं तपासायचं

कबड्डीत पाय रोवलेला राहिला आणि अंग फिरलं, किंवा यात्रेच्या कुस्तीत गुडघा पिळला, की आधी सूज कधी आली ते विचारा. दोन तासांच्या आत गुडघा टम्म फुगला तर बहुधा आत रक्त साचलंय. संशय आधी एसीएलवर घ्यायचा, म्हणजे गुडघ्याच्या आत दोन हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यावर (लिगामेंट). सूज रात्रीतून हळूहळू चढली तर मेनिस्कस, म्हणजे मांडीच्या आणि नडगीच्या हाडांमधली कूर्चेची गादी. गुडघा सरळच होत नसेल तर फाटलेला तुकडा सांध्यात अडकलेला असू शकतो. जोर लावून सरळ करू नका. चार पावलंही टाकता येत नसतील तर हात लावण्याआधी एक्स-रे.

प्रत्येक चाचणी आधी चांगल्या पायावर करा.

खरी मदार सांध्याच्या रेघेवर, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड मिळतं त्या फटीवर. खेळाडूला उताणं झोपवून गुडघा 90 अंशांत वाकवा. वाटीखालच्या जाड शिरेच्या दोन्ही बाजूंना मऊ खळगे लागतात. तिथून अंगठ्याचं टोक थोडं थोडं दाबत मागे न्या. नेमकं रेघेवर दुखलं तर गादी. वर-खाली हाडावरही दुखत असेल तर बाजूचं लिगामेंट. अंगठा बोटभर खाली घसरतो आणि निदान चुकतं, हे नेहमीचं.

मग मॅकमरे चाचणी. गुडघा पूर्ण वाकवा, एका हाताने टाच धरा, दुसऱ्या हाताची बोटं रेघेवर ठेवा. आतल्या गादीसाठी पाऊल बाहेर फिरवून आणि बाहेरच्या गादीसाठी आत फिरवून पाय सावकाश सरळ करत आणा. रेघेवर कळ येऊन बोटांना खट्ट लागलं तर चाचणी सकारात्मक. नुसता कट्ट आवाज, दुखणं नाही, तर सोडून द्या. तो चांगल्या गुडघ्यातही येतो. सूज जास्त असेल तर गुडघा पूर्ण वाकतच नाही. तेव्हा रेटू नका, आठवड्याभराने पुन्हा बघा.

थेसली चाचणीसाठी खेळाडूने तुमचे हात धरून दुखऱ्या पायावर उभं राहायचं, गुडघा 20 अंश वाकवायचा आणि अंग आत-बाहेर तीनदा फिरवायचं. रेघेवर कळ आली किंवा अडकल्यासारखं झालं तर संशय पक्का. एसीएलचा संशय असेल तर ही करूच नका, गुडघा दगा देतो.

एकट्या चाचणीवर निदान ठोकू नका. एक्स-रेत गादी दिसत नाही, त्यासाठी एमआरआय लागतो. सातपुड्यातल्या धडगावहून धुळे-जळगाव गाठायचं तर दिवस मोडतो, म्हणून तिकडच्या डॉक्टरांसाठीच्या चिठ्ठीत कोणत्या बाजूची रेघ दुखते आणि गुडघा किती अंश वाकतो हे लिहून द्या. अडकलेला गुडघा मात्र थांबवून ठेवायचा नाही, त्याच दिवशी पाठवा. तोवर चोळणं आणि ओढून ‘बसवणं’ बंद.