शुक्रवारची शकशुका

इस्रायलमधल्या अश्दोदला आमच्या घरी शकशुका, म्हणजे टोमॅटोच्या रसात शिजवलेली अंडी, शुक्रवारी सकाळीच होते. संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे आम्हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागला की चूल पेटवायची नाही, म्हणून बाजार, केर-फरशी, रात्रीचा स्वयंपाक सगळं त्याच दिवशी अंगावर येतं. एका तव्यात सगळ्यांचा नाश्ता उरकतो, हे बरं. उत्तर आफ्रिकेतून आलेल्या ज्यूंनी हा पदार्थ इस्रायलला आणला. मी तो शेजारच्या, लिबियातल्या ट्रिपोलीहून आलेल्या आजींकडून शिकले. पहिल्यांदा केली तेव्हा कोकणातल्या सवयीने कांदा-खोबऱ्याचं वाटण लावलं होतं. आजींनी घास खाल्ला आणि म्हणाल्या, "चांगलं लागतंय. पण हे आहे काय?"

चार माणसांना पाऊण किलो लालबुंद, मऊ पडलेले टोमॅटो आणि सहा अंडी. टोमॅटो अर्धे कापून किसणीवर घासायचे, साल हातात राहते.

आधी पिलपेल चुमा करा, म्हणजे मिरची-लसूण. आपल्या लसणीच्या तिखटाचाच भाऊ, फक्त खोबरं नाही. सहा-सात पाकळ्या ठेचून त्यात मोठा चमचा गोडी पाप्रिका, अर्धा चमचा तिखट, अर्धा चमचा जिरेपूड, मीठ आणि चमचाभर तेल. मिळाली तर चिमूटभर कॅरवेची (जिऱ्यासारख्या दिसणाऱ्या मसाल्याची) पूड. पाप्रिका नसेल तर काश्मिरी मिरचीची पूड चालते.

पसरट, जाड बुडाच्या तव्यात चार चमचे ऑलिव्ह तेल घ्या. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू; तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून 'शनिवार तेली'; तेलाला हात आखडता घेणं आम्हाला शोभत नाही. एक कांदा बारीक चिरून आधीच पूर्ण मऊ करा, टोमॅटोच्या आंबटात तो नंतर शिजत नाही. (आजी कांदा घालतच नाहीत. मी घालते.) आता आच अगदी मंद करून चुमा घाला. पाप्रिका क्षणात करपते आणि मग कडू होते, तेव्हा वास सुटला की लगेच टोमॅटो ओता. मीठ, फार आंबट असेल तर चिमूट साखर.

इथे घाई नको. वीस-पंचवीस मिनिटं झाकण न ठेवता आटवायचं. कडेला तेल सुटलं पाहिजे, आणि उलथन्याने मधोमध रेघ ओढली की ती लगेच बुजता कामा नये. रस पातळ राहिला तर अंडी त्यात पसरतात, तवाभर पांढऱ्या चिंध्या दिसतात.

चमच्याच्या पाठीने सहा खळगे करा. आमच्यात रक्ताचा ठिपका असलेलं अंडं चालत नाही, म्हणून प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडून बघायचं. सोवळं नसलं तरी हेच करा: वाटी खळग्याला टेकवून अंडं अलगद सोडलं की बलक फुटत नाही. काट्याने पांढरं तेवढं रसात जरा हलवा. झाकण ठेवून मंद आचेवर चार-पाच मिनिटं. पांढरं घट्ट, पण तवा हलवला की बलक थरथरला पाहिजे. तेवढ्यावर गॅस बंद; तव्याच्या गरमीने ते टेबलावर पोचेपर्यंत आणखी शिजतं.

वरून कोथिंबीर. सोबत सकाळीच आणलेला हल्ला. ब्रेडचं नाव आहे हो, पण टेबलावर प्रत्यक्षात होतो तो मराठीतलाच. उरवायचंच असेल तर निम्मा रस अंडी घालण्याआधी काढून ठेवा. शिजलेलं अंडं पुन्हा तापवलं की रबर होतं.